कर्नाटक-बालाघाट: बंगळूर आणि शिऱ्याच्या सुभ्याचा कारभार

विजापूरच्या आदिलशाहीने सतराव्या शतकात दक्षिणेत जो मुलूख जिंकला, त्याचे घाटाच्या अनुरोधाने दोन भाग केले. घाटमाथ्यावरचा तो बालाघाट आणि घाटाखाली पूर्व किनाऱ्याकडे उतरत जाणारा तो पायीनघाट. बालाघाटात बंगळूर, होसकोट, कोलार, दोड्डबाळापूर आणि शिरा ही मुख्य ठाणी होती. आदिलशाही, भोसले घराणे, मोगल, म्हैसूरचे वोडेयर, पेशवे, हैदर-टिपू आणि शेवटी इंग्रज अशा एवढ्या सत्तांनी अवघ्या दोन शतकांत या मुलखाचा वसूल घेतला. राज्यकर्ते वारंवार बदलले. परगण्यांची आखणी, वतनदारांची उतरंड आणि हिशेबाची पद्धत मात्र बरीचशी तशीच राहिली. या प्रांताचा इतिहास लढायांपेक्षा कारभाराच्या अंगाने पाहिला, तर आजच्या दक्षिण कर्नाटकातील जिल्हे आणि तालुके कसे घडले याचा उलगडा होतो.

विजयनगरची पाळेगारी

आदिलशाही येण्यापूर्वी हा मुलूख विजयनगरच्या मांडलिक नायकांकडे आणि पाळेगारांकडे होता. येलहंकेचा नाडप्रभू केंपेगौड याने १५३७ साली बंगळूरचा मातीचा कोट बांधून पेठ वसवली. होसकोट आणि कोलारचा मुलूख सुगटूरच्या गौडांकडे होता, शिरा रंगप्पा नायकाकडे. १५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरची गादी पेनुकोंड्याला आणि पुढे चंद्रगिरी-वेल्लोरकडे सरकली. मध्यवर्ती सत्ता दुबळी होत गेली तसे पाळेगार आपापल्या भागात जवळपास स्वतंत्र झाले.

गावगाड्याची घडी मात्र पक्की होती. गावाचा प्रमुख गौड, म्हणजे मराठी मुलखातला पाटील. हिशेब लिहिणारा शानभोग, म्हणजे कुलकर्णी. राखणीला तळारी, निरोप आणि पिकाच्या देखरेखीला तोटी. महाराष्ट्रात बारा बलुतेदार, तसे इथे बारा आयगार. त्यांतला नीरगंटी हा या मुलखाचा खास माणूस. बारमाही नदी नसल्यामुळे बालाघाटाची ओलिताची शेती तळ्यांवर चाले. तळ्याचे पाणी कोणत्या शेताला, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने सोडायचे हे नीरगंटी ठरवी. तळे भरले तर भात आणि ऊस पिके, वसूल दामदुप्पट होई. तळे फुटले किंवा गाळाने भरले तर ओलिताची जमीन कोरडवाहू होऊन नाचणीवर येई. त्यामुळे इथे कोणाचेही राज्य आले तरी त्याला आधी तळ्यांची आणि ती राखणाऱ्या वतनदारांची विचारपूस करावी लागली.

१६३८ची मोहीम आणि पाळेगारांची सोय

१६३६ साली शाहजहान आणि मोहम्मद आदिलशाह यांच्यात तह झाला. उत्तरेची हद्द ठरून गेल्यामुळे विजापूरला राज्य वाढवायला दक्षिण दिशा तेवढी मोकळी उरली. निजामशाही बुडाल्यावर त्याच वर्षी शहाजीराजे भोसले विजापूरच्या चाकरीत आले. रणदुल्लाखानाच्या सेनापतित्वाखाली निघालेल्या फौजेत ते होते. या फौजेने इक्केरीच्या नायकाला नमवले आणि १६३८ साली केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले. श्रीरंगपट्टणला वेढा पडला, पण कंठीरव नरसराज वोडेयराने तो परतवला. म्हैसूर वगळता घाटमाथ्याचा बराच भाग मात्र पुढच्या काही वर्षांत विजापूरच्या अमलाखाली आला.

जिंकलेल्या पाळेगारांना विजापूरने मुळासकट उपटले नाही. त्यांची राजधानी आणि सुपीक मुलूख ताब्यात घ्यायचा आणि त्याबदल्यात त्यांना त्याच भागातला एखादा कमी लागवडीचा टापू जहागिरीदाखल द्यायचा, असे धोरण होते. बंगळूरचा गौड मागडीला गेला, होसकोटचा आनेकलला, कोलारचा पुंगनूरला, शिऱ्याचा रंगप्पा नायक रत्नगिरीला आणि बसवापट्टणचा नायक तरीकेरेला. म्हैसूरच्या गॅझेटियरचा कर्ता लुई राइस याने या धोरणाचा एक परिणाम नोंदवला आहे. जुन्या धन्यामागोमाग त्याची रयतही नव्या ठिकाणी गेली आणि पडीक टापू वहिवाटीला आले. बंडाचे कारण कमी झाले आणि लागवडीखालची जमीनही वाढली.

शहाजीराजांची जहागीर

रणदुल्लाखान परतल्यावर बालाघाटाचा कारभार शहाजीराजांकडे जहागिरी म्हणून आला. त्यांचे मुख्य ठाणे बंगळूर. जहागीर देण्याचा अर्थ असा की त्या मुलखाचा वसूल जहागीरदाराने घ्यायचा, त्यातून ठरलेली फौज बाळगायची आणि हुकूम येताच ती घेऊन हजर व्हायचे. जमिनीची मालकी त्यात येत नसे. हा फरक किती खरा होता ते १६४८ साली दिसले. जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा विजापूरने फर्हादखानाला बंगळूरवर धाडले आणि थोरले पुत्र संभाजीराजे यांनी ठाणे लढवले. १६४९ साली सुटका करताना आदिलशाहाने कोंढाण्याबरोबर बंगळूर आणि कंदर्पी हे किल्ले मागितले. दहा वर्षे राज्यासारखी चालवलेली जहागीरही सरकार एका फर्मानाने परत मागू शकत होते.

कारभाराच्या दृष्टीने शहाजीराजांचे काम मोलाचे ठरते. त्यांनी सारा मुलूख परगण्यांत बसवला. परगण्याखाली संमत, त्याखाली तर्फ, तर्फेत मौजे आणि मौजाला जोडलेले मजरे, अशी उतरंड होती. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, त्यांच्या जोडीला देशकुलकर्णी, सरनाईक आणि कानूनगो नेमले गेले. देशमुखाने वसुलीची जबाबदारी घ्यायची, देशपांड्याने दप्तर सांभाळायचे, कानूनगोने जुने दर आणि वहिवाट सांगायची. खाली गौड आणि शानभोग पूर्वीसारखेच राहिले. गावात कन्नड शानभोगाने लिहिलेला हिशेब परगण्याच्या कचेरीत मराठी दप्तरात चढू लागला. या कामासाठी महाराष्ट्रातून देशस्थ कारकून आणि मराठा शिलेदार मोठ्या संख्येने आले, आणि विजापूरच्या थेट अमलाखाली असलेल्या परगण्यांत मराठी ही हिशेबाची भाषा झाली. सरकारी कागदांवर आदिलशाही रिवाजाप्रमाणे सुहूर सन पडे, वसुलाची बेरीज होनांत होई.

शहाजीराजांचे कारभारी नारो त्रिमळ हणमंते यांचा या व्यवस्थेत मोठा वाटा होता. त्यांचे पुत्र रघुनाथपंत याच कचेऱ्यांत तयार झाले. पुढे ते शिवाजीमहाराजांकडे आले आणि महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. दप्तरात रुळलेल्या फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. स्वराज्याच्या कारभाराला परिभाषा देणाऱ्या माणसाची जडणघडण अशा प्रकारे बालाघाटाच्या दप्तरात झाली होती.

बंगळूरचा दरबारही नावाजलेला होता. जयराम पिंड्ये याच्या राधामाधवविलासचंपूत शहाजीराजांच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींचे वर्णन आहे. हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. १६६४च्या जानेवारीत चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे मृत्यू पावले. त्यांची समाधी तिथेच आहे.

व्यंकोजीराजांचा काळ

शहाजीराजांमागे जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. कानडी शिलालेखांत त्यांचे नाव एकोजी असे येते. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वर देवळापाशी १६६९चा एक शिलालेख आहे. मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवाच्या पूजाअर्चेसाठी महानाडूच्या, म्हणजे परिसरातील प्रमुखांच्या सभेच्या, विनंतीवरून एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची ती नोंद आहे. या एका नोंदीतून त्या वेळच्या कारभाराची रीत दिसते. राज्यकर्ता मराठा, नावाला सत्ता विजापूरची, मागणी स्थानिक सभेची आणि लेखाची भाषा कानडी. गावचा वसूल कुठे जावा हे जहागीरदार ठरवी, पण स्थानिक सभेच्या संमतीला वजन होते.

१६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि आपले ठाणे तिथे हलवले. कावेरीच्या खोऱ्यातला तो मुलूख बालाघाटापेक्षा कितीतरी संपन्न होता, पण तिथून बंगळूर सांभाळणे अवघड झाले. १६७७ साली शिवाजीमहाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर आले. जिंजी घेतल्यावर परतीच्या वाटेवर वडिलांच्या जहागिरीतली कोलार, होसकोट, बाळापूर, शिरा ही ठाणी त्यांनी ताब्यात घेतली. नंतर दोघा भावांत समेट झाला. बखरीत दिलेल्या तहाच्या कलमांनुसार बंगळूर आणि लगतची होसकोट, शिरा ही ठाणी महाराजांनी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिली. अशा नेमणुकीत मुलखाचा वसूल एका व्यक्तीच्या नावे लागतो, परगण्याचा कारभार मात्र त्याच कामगारांकडे राहतो.

तीन लाखांचे शहर आणि मोगल सुभा

सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. आदिलशाही संपताच बालाघाटावर कायदेशीर हक्क कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. दूरचे बंगळूर राखण्यापेक्षा ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराला तीन लाख रुपयांना विकावे, असे व्यंकोजीराजांनी ठरवले. म्हैसूरचा इतिहासकार मार्क विल्क्स सांगतो की बोलणी पुरी होण्याआधीच जुलै १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान बंगळुरात शिरला. जिंजीहून निघालेली मराठा फौज त्यामागून पोहोचली. चिक्कदेवराजाचे सैन्यही येऊन ठेपले. कासिमखानाने तेच तीन लाख घेऊन काही दिवसांतच शहर म्हैसूरच्या हवाली केले. मोगलांना शिऱ्याकडे वळायचे होते आणि म्हैसूरशी वैर नको होते. रोकड हातात घेऊन मित्र जोडणे त्यांना सोयीचे वाटले.

बंगळूर गेल्यामुळे प्रांताचे मुख्य ठाणे शिऱ्याला गेले. विजापूरच्या काळी तिथे मलिक रिहान अंमलदार होता. १६५१ची त्याची कबर शिऱ्यात आहे. मोगलांनी या मुलखाचे सात परगणे केले: बसवापट्टण, बुदिहाळ, शिरा, पेनुकोंडा, दोड्डबाळापूर, होसकोट आणि कोलार. त्यांवर थेट अंमल होता. हरपनहळ्ळी, कोंडर्पी, आनेगोंदी, बेदनूर, चित्रदुर्ग आणि म्हैसूर ही संस्थाने मांडलिक धरली गेली. त्यांनी पेशकश भरायची आणि आपला अंतर्गत कारभार आपण पाहायचा. शहाजीराजांच्या वेळचे देशमुख-देशपांडे आणि परगण्यांची दप्तरे मोगलांनी तशीच चालू ठेवली.

मोगल रिवाजात सुभ्याची फौज आणि वसूल हे दोन वेगळे अधिकार असत. सुभेदार किंवा फौजदार बंदोबस्त पाही आणि दिवाण पैशाचा हिशेब थेट बादशहाला देई. एकाच हाती तलवार आणि खजिना दोन्ही गेले तर तो माणूस बंड करतो, हा त्यामागचा अनुभव होता. याच भीतीपोटी रोमन सम्राट डायोक्लेशियन याने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस मोठे प्रांत फोडून त्यांची संख्या सुमारे दुप्पट केली होती. मुलकी कारभार आणि वसूल प्रांताधिपतीकडे, सीमेवरची फौज वेगळ्या सेनानीकडे, अशी विभागणी त्याच्या काळात सुरू होऊन त्याच्या वारसांनी पुरी केली. शिऱ्याला मात्र मोगलांना हा नियम पाळता आला नाही. मराठ्यांच्या फौजा सतत फिरत असलेल्या सरहद्दीवर दोन अधिकाऱ्यांची वाटणी परवडत नव्हती, म्हणून कासिमखानाची नेमणूक फौजदार-दिवाण अशी दुहेरी झाली. सुभ्याचे पुढचे दुखणे याच तडजोडीत होते.

कासिमखानाचा शेवट १६९५च्या अखेरीस दोड्डेरीला झाला. संताजी घोरपड्यांनी त्याची फौज उघड्यावर गाठली, तोफखाना आणि सामान लुटले आणि उरलेल्यांना दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले. अन्नपाणी संपल्यावर मोगलांनी मोठी खंडणी कबूल करून सुटका मागितली, पण त्याआधीच कासिमखान गढीत मरण पावला होता. त्याने विष घेतले असे म्हणतात. एकाच माणसावर उभा असलेला कारभार त्याच्याबरोबर कोसळला. त्यानंतर शिऱ्याचे अंमलदार भराभर बदलत राहिले.

औरंगजेबानंतर दिल्लीचा धाक कमी झाला आणि अधिकाऱ्यांतच भांडणे लागली. बालाघाट आणि पायीनघाट हे दोन्ही भाग काही काळ अर्काटच्या सादतुल्लाखानाकडे एकत्र होते. शिऱ्याला वेगळा अंमलदार नेमला गेला तेव्हा सादतुल्लाखानाने ते मनावर घेतले, कारण म्हैसूरची पेशकश हा त्या अधिकारातला सर्वांत भरघोस भाग होता. १७२६ ते १७५६ अशी तीस वर्षे दिलावरखान शिऱ्याला होता, आणि सुभ्याचा हाच सर्वांत शांत काळ. त्याच्या वाड्याचा नमुना बंगळूर आणि श्रीरंगपट्टणच्या राजवाड्यांसाठी घेतल्याचे सांगतात. शिऱ्याच्या खानबागेवरून हैदरला लालबागेची कल्पना सुचली असेही म्हणतात.

म्हैसूरकडचे बंगळूर

तीन लाखांत मिळालेले बंगळूर म्हैसूरच्या उत्तर सरहद्दीचे मोठे ठाणे झाले. चिक्कदेवराजाने जुन्या मातीच्या कोटाच्या दक्षिणेस दुसरा किल्ला बांधला आणि पेठेतल्या विणकरांना उत्तेजन दिले. त्याने राज्याच्या कारभाराची अठरा खाती केली. ही व्यवस्था अठरा कचेरी म्हणून ओळखली जाते. औरंगजेबाच्या दरबारी पाठवलेल्या वकिलांनी मोगल कचेऱ्यांची माहिती आणल्यावर ती आकाराला आली असे मानले जाते. कन्नड आणि मराठी अशी दुहेरी दप्तरे ठेवण्याची रीत म्हैसूर राज्यातही रुजली.

सुभ्याचा शेवट

अठराव्या शतकाच्या मध्यावर बालाघाटावर तिघांचे दावे होते. निजामाचा दावा मोगल सुभेदार म्हणून, म्हैसूरचा प्रत्यक्ष ताब्यामुळे आणि पेशव्यांचा चौथाई-सरदेशमुखी आणि शहाजीराजांची जुनी जहागीर या दोन्ही आधारांवर. १७५७ साली नानासाहेब पेशव्यांनी श्रीरंगपट्टणवर खंडणी बसवली. ३२ लाख रुपये ठरले. सगळी रोकड नव्हती म्हणून म्हैसूरने काही तालुके तारण दिले. त्याच वर्षी पेशव्यांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे यांनी शिरा घेतले. पुढे म्हैसूरने तालुक्यांतले मराठी कमाविसदार हाकलले, तेव्हा गोपाळराव पटवर्धनांनी बंगळूरला वेढा घातला. तो निभावून नेणारा हैदर अली या प्रसंगातूनच पुढे आला.

हैदर स्वतः या सुभ्याचाच होता. त्याचा बाप फत्ते मुहंमद शिऱ्याच्या सुभेदाराच्या फौजेत अंमलदार होता आणि कोलार भागातले बुदिकोट त्याला जहागिरीत मिळाले होते. हैदरचा जन्म तिथलाच. १७६१ साली त्याने निजामाचा भाऊ बसालतजंग याला तीन लाख रुपये नजर करून शिऱ्याची नवाबी मिळवली. शिरा त्या वेळी बसालतजंगाच्या हातात नव्हतेच. हैदरने मग होसकोट, दोड्डबाळापूर आणि शिरा जिंकून घेतले. जी सत्ता स्वतःच्या तलवारीने मिळवायची होती तिच्यासाठीही सनदेचा कागद त्याला हवा होता. मोगल साम्राज्य नावापुरते उरले असताना त्याच्या प्रांताचे नाव मात्र वजनदार होते.

१७६७ साली माधवराव पेशव्यांनी शिरा आणि मद्दगिरी घेतली. मद्दगिरीच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या बेदनूरच्या राणीची त्यांनी सुटका केली. १७७४ साली टिपूने शिरा परत जिंकले. तेव्हापासून शिऱ्याचा स्वतंत्र सुभा राहिला नाही. टिपूने हिशेबासाठी फारसी लागू केली आणि मराठी-कन्नड दप्तर काही काळ मागे पडले.

परगण्यांपासून जिल्ह्यांपर्यंत

१७९९ साली टिपू पडल्यावर म्हैसूर पुन्हा वोडेयरांकडे आले आणि पूर्णय्या दिवाण झाला. तो हैदर-टिपूच्या कचेरीतलाच जुना मुत्सद्दी. त्याच्या हाताखाली तालुक्यांवर आमीलदार आणि शिरस्तेदार काम पाहू लागले. मराठी-कन्नड हिशेब पुन्हा सुरू झाले. मोठ्या विभागांना पुढे फौजदारी हे जुनेच नाव मिळाले. १८३१ साली इंग्रजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सहा फौजदाऱ्या होत्या. कमिशनर मार्क कबनच्या काळात त्यांचे बंगळूर, चित्रदुर्ग, अष्टग्राम आणि नगर असे चार विभाग झाले.

पुढची फेररचना १८६२-६३मध्ये कमिशनर लेविन बोरिंगने केली. नंदिदुर्ग या नव्या विभागात बंगळूर, कोलार आणि तुमकूर हे तीन जिल्हे आले. हा जवळपास जुन्या बालाघाटाचाच गाभा होता: होसकोट आणि दोड्डबाळापूर बंगळूर जिल्ह्यात, शिरा तुमकूर जिल्ह्यात आणि कोलार स्वतंत्र जिल्हा. शहाजीराजांच्या परगण्यांची ठाणी इंग्रजी अमदानीत तालुक्यांची ठिकाणे झाली. कारण तळी, बाजार, वाटा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची दप्तरे तिथेच होती, आणि नवे ठाणे वसवण्यापेक्षा जुने चालवणे प्रत्येक सरकारला स्वस्त पडले.

कारभारी वर्गाचा धागाही टिकून राहिला. तंजावर आणि कुंभकोणमकडच्या मराठी घराण्यांतले व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव १९१२ पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते. बंगळूरचे आनंदराव सर्कल या दुसऱ्या दिवाणांच्या नावाचे आहे.

मोगलांच्या सात परगण्यांपैकी होसकोट आणि दोड्डबाळापूर आज बेंगळुरू परिसरातले तालुके आहेत, कोलार जिल्ह्याचे ठिकाण आहे, शिरा तुमकुरू जिल्ह्यातला तालुका आहे. पेनुकोंडा आंध्र प्रदेशात गेले. बसवापट्टण चन्नगिरी तालुक्यात आणि बुदिहाळ होसदुर्ग तालुक्यात गाव म्हणून उरले. १६३८ नंतर आखलेल्या प्रांताचा मधला भाग तालुक्यांच्या रूपाने अजून कारभारात आहे. गळाली ती कडेची ठाणी, ज्यांच्यावरून राज्यांच्या सीमा फिरल्या.